दुरडीतला आनंदा

सकाळी साडेसहाला दौलत भालेराव रात्रपाळी करून घरी आला, तेव्हा त्याची आई घरात नव्हती.

ठमाबाईचं अंथरूण गुंडाळून कोपऱ्यात उभं केलेलं होतं. दाराची कडी काढलेली होती. चुलीपाशी बसलेली दौलतची बायको गंगूबाई मान वर न करता म्हणाली, "गेल्या आसतील खाडीवर. वहाटी हाय, पानी उतारलंय."

"रोज उजाडल्यावर जाते ती."

"आज आंधारात गेल्या. मला जागच न्हाई आली. तुमी च्या घ्या, येतील."

दौलतने चहा घेतला नाही. कंदील तसाच हातात घेऊन तो परत बाहेर पडला.

१९५७ सालचा मार्च चालू होता. दौलत कल्याणच्या यार्डात सांधेवाला होता. केबिनमधून घंटा आली की लोखंडी दांडा ओढून गाडीची वाट बदलून द्यायची, हे त्याचं काम. स्टेशनापलीकडच्या वस्तीत त्याचं एका खोलीचं घर होतं. वस्ती सगळी आपल्याच माणसांची, बहुतेक रेल्वेत. डिसेंबरात बाबासाहेब गेले तेव्हा वस्तीतले झाडून सारे पुरुष दादरला गेले होते. चौपाटीवर चिता जळत असताना हजारोंनी हात जोडून दीक्षा घेतली, त्यांत दौलतही होता. रडून रडून त्याचा आवाज बसला होता. शपथांतला एकही शब्द त्याच्या गळ्यातून नीट बाहेर पडला नाही, पण एकही शब्द त्याने वरवर घेतला नाही.

परत आल्यावर नगरपालिकेच्या शाळेतल्या उत्तम मास्तरांनी वस्तीची बैठक घेतली. घराघरातले देव येत्या रविवारी खाडीत सोडायचे असं ठरलं. काही म्हातारी माणसं कुरकुरली. ठमाबाई त्यांच्यात नव्हती. ती भर बैठकीत उठून म्हणाली होती, "बुडवा की! जन्मभर जेवू घातलं त्येला. गावात माजी घागर पाटलानं लाथंनं उडवली, तवा कुटं व्हता ह्यो खंडोबा? देवळातच व्हता न्हवं, ईस पावलांवर?"

लोक हसले होते. मास्तर म्हणाले होते, "आजीकडून शिका."

त्या रविवारी तिनेच देवांची दुरडी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून दौलतच्या हातात दिली. दुरडीत खंडोबा, बहिरोबा, मरीआई यांचे टाक होते, हातभर संसारात पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेले नखाएवढे धातूचे पत्रे. आणि त्यांच्यात आनंदा होता.

आनंदा हा दौलतचा थोरला भाऊ. संगमनेरकडच्या गावी सातव्या वर्षी पटकीने गेला, त्यानंतरच्या वर्षी दौलत जन्मला. घरातलं माणूस अवेळी गेलं की त्याचा टाक करून देवांत बसवायचा, ही रीत. ठमाबाईने पोराच्या पायातले चांदीचे वाळे सोनाराला दिले होते. सोनाराने ते आटवून छोटा टाक केला आणि विटाळ नको म्हणून वरूनच तिच्या पदरात टाकला. उभा पोरगा, हात अंगाशी, एवढंच त्यावर उठवलेलं होतं. रोज पुसून पुसून त्याचं नाक-तोंड गेलं होतं. खंडोबाला रविवारचं रविवारी मिळायचं. आनंदाला मात्र रोज रात्री पहिला घास.

दुरडी देताना ठमाबाईने ती उघडली नाही, कारण दुरडीतून देव बाहेर काढायचे ते घरच्या पुरुषाने. दौलत आपल्या भावाला बाजूला काढून घेईल आणि मग बाकीचे बुडवील, हे तिने धरूनच चाललं होतं. दौलतला वाटलं, आईने स्वतः गाठ मारली आहे, म्हणजे तिचं तिने काढून घेतलं. बुडवताना त्या चेहऱ्यांकडे बघायला नको, म्हणून त्यानेही गाठ सोडली नाही. दुर्गाडी किल्ल्याच्या खाली, घोषणांच्या गजरात, त्याने बोचकं होतं तसं पाण्यात फेकलं. चांगलं लांब फेकलं.

रात्री जेवायला बसल्यावर ठमाबाईने भाकरीचा तुकडा मोडून ताटाच्या कडेला ठेवला.

"कुटं ठिवलास त्येला?"

"कुनाला?"

"आनंदाला रं."

गंगूबाईचा हात तव्यावरच थांबला. दौलतने हातातला घास ताटात ठेवला. ठमाबाईने त्याच्या तोंडाकडे पुष्कळ वेळ पाहिलं. मग तो तुकडा उचलून तिने त्याच्याच ताटात ठेवला.

"खा तू," ती म्हणाली.

तिने आकांत केला नाही, शिव्या दिल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ती ओहोटीला खाडीवर जाऊ लागली. गुडघाभर चिखलात बसून चाचपत राहायची आणि भरती चढली की घरी यायची. वस्तीतल्या बाया आधी हळहळल्या, मग हसल्या, मग त्यांना सवय झाली. दौलतने तिला अडवून पाहिलं. एकदा तो स्वतःही चिखलात उतरला. तेव्हा ती म्हणाली, "तू जा, ड्यूटीचा मानूस तू. त्येला तुजी वळख न्हाई."

शेवटी त्याने उत्तम मास्तरांना घरी आणलं. मास्तर जमिनीवर तिच्यासमोर बसले.

"आई, तो एक पत्रा होता. माणूस पत्र्यात राहत नाही."

"ठावं हाय मला. म्या काय येडी हाय?" ठमाबाई म्हणाली. "देव न्हाई म्हंतासा, त्ये पटलं मला. तुमच्या आदी पटलं व्हतं. पर आनंदा काय देव न्हवता. त्यो कुटं हाय, त्येवडं सांगा."

मास्तर सरळ माणूस. खोटं बोलणं त्यांच्या जिवावर आलं. बराच विचार करून ते म्हणाले, "मेल्यावर माणूस कुठे जातो, असं बुद्धालाही लोकांनी विचारलं होतं. तो गप्प राहिला."

"गप तर खंडोबाबी व्हता," ठमाबाई म्हणाली आणि भांडी आवरायला उठली.

मास्तर निघताना दाराशी दौलतला म्हणाले, "वेळ जाऊ दे." वेळ गेला नव्हता असं नाही.

त्या सकाळी खाडीच्या बंदरावर दौलत पोचला तेव्हा पाणी चढायला लागलं होतं. परशुराम नावाचा आगरी रेतीच्या होडीतून पाणी उपसत होता. ठमाबाईला तो रोज पाहायचा.

"तुजी आयस? आज न्हय दिसली. पन मी आलू तवा चिखलान पावलां व्हती." त्याने खाडीच्या खालच्या अंगाला हात केला. "तकडं गेल्यात, डोंबिवलीच्या आंगाला."

"तिचीच कशावरनं?"

"कशावरनं सांगू रं बाबा? खुबं, शिंपल्या काराला बाया येतान, त्यांची पन असतील." परशुरामने डबा खाली ठेवला. "एकदा मी इचारला तिला, काय सोदतेस गो म्हातारे? त बोल्ली, पोर हाय माजा. मना वाटला, बुरला व्हता कोन."

दोघे काठाकाठाने चालत गेले. पावलं होती, उघड्या पायांची, जवळजवळ पडलेली. एका वळणापाशी ती पाण्यात शिरली होती, की पाणी त्यांच्यावर चढलं होतं, ते सांगणं कठीण होतं.

"भरती भरली," परशुराम म्हणाला. "आता काय दिसाचा न्हय. मी होरी फिरवतू. तू चौकीवर सांग."

चौकीवर हवालदाराने नाव, वय, लुगड्याचा रंग लिहून घेतला. जात विचारली.

"बौद्ध."

"ते नवीन झालं. आधीची सांग."

"आधीची न्हाई आता."

"म्हातारी हरवलीय ना तुझी? मग वाद कशाला घालतोस?" हवालदार चिडला नव्हता. त्याने आपल्या मनानेच एक शब्द लिहिला आणि दौत बंद केली. काय लिहिलं ते दौलतने पाहिलं आणि पहिल्यांदाच तसं राहू दिलं.

घरी गंगूबाई म्हणाली, "टिटवाळ्याला वन्संकडं गेल्या आसतील. जाऊन तरी या." तिला स्वतःलाही ते खरं वाटत नव्हतं, पण दौलतला काहीतरी करायला हवं होतं. तो दुपारच्या गाडीने गेला.

त्याची धाकटी बहीण सगुणा टिटवाळ्याला रुळांच्या कडेला राहायची. तिच्या सासरच्यांनी अजून दीक्षा घेतली नव्हती. दौलतला एकटाच आलेला पाहून तिने हातातलं सूप खाली ठेवलं.

"आई न्हाई आली हितं," सगळं ऐकून ती म्हणाली. "कशाला यील? म्या काय तिचा आनंदा दडवून ठिवलाय?"

"सगुणे, मला वाटलं तिनं काडून घेतला."

"तुला वाटलं! गाठ सोडून बगायला काय झालतं, हात झडत व्हते?" ती रडायला लागली आणि रडता रडताच पदर ओढून कमरेला खोचू लागली. "चल."

"कुटं?"

"चल म्हंते न्हवं."

तिने त्याला गणपतीच्या देवळापाशी आणलं. कायद्याने देऊळ आता सगळ्यांना खुलं होतं. सगुणा मात्र अजूनही पायऱ्यांच्या खालीच, तळ्याच्या बाजूला थांबायची. तिने वाटेत घेतलेला नारळ दौलतच्या हातात दिला.

"आई सापडू दे, येवडंच म्हन. एकडाव. तुजा बुद्ध न्हाई रागावनार."

"त्यो रागवत न्हाई."

"मंग म्हन की! का मान आडवा येतोय?"

दौलत नारळ धरून उभा राहिला. वर गाभाऱ्यात समई जळत होती. मान आडवा आला असता तर तो मान त्याने तळ्यात फेकला असता. आईसाठी तो पायऱ्यांवर डोकं आपटून घ्यायलाही तयार होता.

दीक्षेआधी देव म्हणजे त्याच्या लेखी केबिनमधला माणूस होता. दिसत नाही, पण घंटा देतो. त्याच्या हुकमाने सगळ्या गाड्यांच्या वाटा ठरतात. दीक्षा घेतल्यावर त्याला कळलं की केबिन रिकामी आहे. त्याला भीती वाटली नाही. उलट यार्डातल्या सोबत्यांना तो मिश्या पुसत सांगायचा, "आता दांडा आपल्या हातात." तीन महिने तो त्या एका विचारावर खूश होता.

आता नारळ हातात घेऊन उभं असताना त्याच्या ध्यानात आलं की आईने केबिनकडे कधी काही मागितलंच नव्हतं. आनंदाकडे ती काय मागणार? सात वर्षांचं पोर ते. ती नुसती द्यायची. चाळीसएक वर्षं, घरात पीठ असो नसो, रोजचा घास. घेणारा नव्हता हे तिला पाठ होतं, तरी ती द्यायची. त्यांच्या घरात देव म्हणण्याजोगं काही असलंच तर ते एवढंच असावं, असं त्याला वाटलं. खंडोबाचं बोट त्या घासाला कधी लागलं नव्हतं, आणि बाबासाहेब त्याबद्दल बोलले नव्हते. ते त्याच्या हातात आलं होतं, फडक्यात बांधून, आणि त्याने ते लांब फेकलं होतं.

हे कळून काही उपयोग नव्हता. कळलेलं सांगायलाही कुणी नव्हतं.

"बोल ना रं दादा," सगुणा म्हणाली.

त्याने तोंड उघडलं. जीभ हलली. कुणाला हाक मारायची ते नाव काही आलं नाही.

"न्हाई जमत."

"आईपरीस शपथ मोठी?"

"शपथेचं न्हाई गं. समोर कोनी न्हाई."

सगुणाने त्याच्या हातातून नारळ ओढून घेतला आणि खालच्या दगडावर आपटला. पहिल्या फटक्याला तो फुटला नाही. तिने परत आपटला, परत आपटला. वरच्या पायरीवरून उतरणारं एक जोडपं बाजूने वळून गेलं. नारळ फुटला तेव्हा पाणी सगळं तिच्या लुगड्यावर सांडलं, आणि ती तिथेच धुळीत बसून राहिली.

संध्याकाळी तो कल्याणला परतला. वस्तीतले पुरुष दोन्ही काठांनी हिंडून आले होते. उत्तम मास्तरांचं धोतर मांड्यांपर्यंत चिखलाने भरलं होतं. परशुरामने होडी दोनदा खालपर्यंत नेली होती. जाळ्यात काही आलं नाही. कुणीतरी वंदना म्हणावी का असं विचारलं. मास्तर दौलतकडे बघत राहिले.

"आत्ता नको," मास्तरच म्हणाले. थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणाले, "दौलत, त्या दिवशी प्रत्येकाची दुरडी उघडून बघायला हवी होती मी."

"तुमी काय बगनार मास्तर? आमच्या घरचं मानूस."

त्या रात्री त्याची पाळी होती. तो गेला. गंगूबाई नको म्हणाली तरी गेला. घंटा येत राहिली, तो सांधे बदलत राहिला, आणि त्याच्या हातून एकही चूक झाली नाही.

खाडीने काही परत केलं नाही. मुंब्र्यापर्यंत चौकशी झाली, ठाण्याच्या कोळ्यांना निरोप गेले. त्या आठवड्यात सापडलेलं एक प्रेत पुरुषाचं निघालं. चौकीवरच्या हवालदाराने दौलतला दर वेळी बसायला सांगितलं आणि दर वेळी तेच सांगितलं.

शेवटची म्हणावी अशी खबर मोठागावच्या एका आगऱ्याकडून आली. डोंबिवलीच्या बाजूला, रेतीबंदराजवळ तो त्या पहाटे वाणं, म्हणजे मासळीची जाळी, लावायला उतरला होता. उजाडता उजाडता एक म्हातारी पाण्याच्या कडेकडेने खाली जाताना त्याला दिसली. लुगडं कमरेपर्यंत ओलं होतं, चाल भराभर होती. भरती येते म्हणून त्याने हाका मारल्या. तिने मागे वळून पाहिलं नाही. पुढे हात करून ती कुणाला तरी थांब म्हणत होती, असं तो सांगतो. पुढे कोण होतं, असं दौलतने त्याला विचारलं.

कुणी नव्हतं, तो म्हणाला. निदान त्याला दिसलं नाही.