श्वास धरून घेतलेलं माप

या मित्रांनो, बसा. त्या बाकावर जरा सरकून घ्या, म्हणजे सगळे मावाल. तुमच्या शाळेच्या कपड्यांचं माप घ्यायला मास्तरांना अजून वेळ आहे. ते आत एका वकिलाच्या कोटाशी झटतायत, आणि तो कोट काही लवकर शरण येणारा नाही. तोवर इकडे बघा. दाराच्या मागे, खिळ्यावर. हां, तोच मी. हसू नका. दिसायला मी घोड्याच्या खोगिरासारखा झालोय, पण माझ्याकडे गोष्ट अशी आहे की तुमचा नंबर कधी आला तेही तुम्हाला कळणार नाही.

मी एक जुना कमरपट्टा आहे. कंबर धरली की लोक बांधतात ना, तो.

माझा जन्म एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे रांगेने मशीनी, आणि प्रत्येक मशीनीवर एक बाई. माझ्या वाट्याला आलेली बाई पाठीला सारखा हात लावायची. तिची स्वतःचीच पाठ दुखत असणार, दुसरं काय. तिने माझ्या पोटात चार पोलादी पट्ट्या घातल्या, दोन्ही टोकांना चर्रकन उघडणारी चिकटपट्टी लावली, मला ताणून बघितलं आणि शेजारणीला म्हणाली, "हा टिकेल गं." मी फुगलो. टिकणं म्हणजे काय शिक्षा असते ते तेव्हा मला कुठे माहीत!

आमच्या जातीचं नशीब उलटं असतं, मित्रांनो. खुर्ची, छत्री, सायकल यांना वाटतं की मालकाने आपल्याला कायम वापरावं. कमरपट्ट्याला मात्र लवकर विसरलं, तर त्याचं काम झालं. मला मेलं कुणी विसरेच ना.

झालं असं. मास्तरांची मशीन बिघडली होती, दुरुस्तीला न्यायची होती. ती जुनी, लोखंडी, एखाद्या म्हशीच्या वासराएवढी जड. काकू, म्हणजे मास्तरांची बायको, काजबटणं त्याच करतात, त्या म्हणाल्या, "अहो थांबा, शेजारच्यांना हाक मारते." पण मास्तर थांबतील तर मास्तर कसले! एकट्याने मशीन उचलली. अर्धी वर आली आणि मास्तर तिथेच वाकडे झाले. ना खाली, ना वर.

डॉक्टरांनी तपासलं. मोडलेलं काही नव्हतं, आतले स्नायू दुखावले होते. मला त्यांच्या हातात देऊन डॉक्टर म्हणाले, "थोडे दिवस बांधा, कामापुरता. घरी आलात की सोडून ठेवा. आणि हिंडतेफिरते राहा." मास्तरांनी यातलं ऐकलं फक्त 'बांधा'. पुढचं सगळं त्यांच्या कानावरून गेलं.

पहिले दिवस मोठ्या मानाचे होते. येणाऱ्याजाणाऱ्याला मास्तर शर्ट वर करून मला दाखवायचे. "हा आहे म्हणून मी उभा आहे." मीही ताठ. मग डॉक्टरांनी सांगितलेले दिवस सरले. कंबर बरी होत आली होती, मला ते आतून कळत होतं. माझ्याखालचा आवळलेला गोळा सुटत चालला होता. मी वाट बघत होतो, आज सोडतील, उद्या सोडतील.

सोडलंच नाही. मास्तर मला बांधून जेवायला लागले. मला बांधून झोपायला लागले. बनियन आणि शर्ट यांच्यामध्ये मी, ना उजेड, ना वारा. घामाने भिजायचं आणि अंगावरच वाळायचं. अंघोळीपुरता सुटायचो, तेव्हा मास्तर भिंतीला धरून उभे राहायचे आणि ओरडायचे, "अगं, पट्टा दे लवकर!" जणू मी काढला की त्यांचे दोन तुकडे पडणार होते.

शेवटी माझी चिकटपट्टी झिजली. धरेचना. मनात म्हटलं, सुटलो रे बाबा. पण गाठ कुणाशी होती? शिवणाऱ्याच्या हाती सापडलेल्या कापडाला मरण नसतं. मास्तरांनी मला टेबलावर आडवं घेतलं. चिकटपट्टी काढून लोखंडी हूक बसवले. आतून जाड कॅनव्हास लावला. कॉलर ताठ राहायला घालतात ते बकरम घातलं. तेवढ्याने भागेना, म्हणून मोडक्या छत्रीच्या काड्या माझ्या कुशीत शिवल्या. आणि मग स्वतःच्या कमरेला टेप लावून नवीन माप घेतलं. दात आवळून, पोट आत ओढून, श्वास धरून. त्या मापावर मला बेतलं. असं पक्कं शिवलं की माझा एक टाका पुढे आपणहून कधी उसवला नाही.

आता गंमत बघा. मी त्यांना पकडलं होतं की त्यांनी मला, हे सांगणं अवघड. पण अडकलो होतो दोघेही. माझ्याखालची पाठ आधी राबती होती, टणक. ती हळूहळू ओल्या पुठ्ठ्यासारखी झाली. तिला कामच उरलं नाही ना, सगळं काम मीच करत होतो. मास्तरांचा श्वास गळ्यापर्यंत जायचा आणि तिथूनच परत यायचा. पोटापर्यंत उतरायला मी जागाच ठेवली नव्हती. म्हणजे त्यांनीच ठेवली नव्हती, पण पट्टा तर मीच.

आणि दुखणं? ते होतंच. उलट वाढलं होतं.

मास्तर कटिंगला वाकेनात. काकू कापायच्या आणि मास्तर मागे उभे राहून ओरडायचे, "अगं डावीकडे! तुझी डावी नाही, कापडाची डावी!" खडू हातातून पडला, की मास्तर तो उचलायचे नाहीत. डब्यातून नवीन काढायचे. सुया उचलायला दोरीला लोहचुंबक बांधलेलं होतं, पण खडूला लोहचुंबक कसलं चालतंय! टेबलाखाली खडू पडत राहिले, काकूंचा झाडू पोचायचा नाही तिथे मागे घरंगळत राहिले.

तुम्ही म्हणाल, एवढा मोठा माणूस आणि एवढं घाबरतो? घाबरायला कारण होतं. मास्तरांचे वडीलही कपडेच शिवायचे. एकदा त्यांच्या पाठीत चमक भरली. घरातले सगळे प्रेमळ. "हलू नका, हलू नका" म्हणून त्यांना असं जपलं की ते खाटेवरून परत उठलेच नाहीत. लहानपणी मास्तर त्यांना पाणी नेऊन द्यायचे. तो तांब्या मास्तरांच्या डोक्यातून कधी खाली ठेवलाच गेला नाही.

अशात एक दिवस दुकानात एक बाई आल्या. पांढरा कोट खांद्यावर. "पोटावरचं बटण सारखं तुटतंय मास्तर, तुम्हीच बघा." त्या फिजिओ होत्या, म्हणजे दुखावलेल्या माणसांना पुन्हा चालतं-वाकतं करणाऱ्या. मास्तर टेप घेऊन उभे राहिले. बाईंनी आपसूक पोट आत घेतलं.

"सोडा," मास्तर म्हणाले.

"काय?"

"पोट सोडा. श्वास धरू नका. श्वास धरून माप दिलंत की कपडा त्या घटकेपुरता बसतो. मग बटणं बिचारी काय करतील?"

बाई हसल्या, पोट सोडलं. माप झालं. कोटाची लांबी घ्यायला मात्र काकू गुडघ्यावर बसल्या. बाईंची नजर मास्तरांच्या कमरेवर गेली. शर्टाखालून मी ठोकळ्यासारखा दिसत होतो.

"हा पट्टा किती दिवस आहे?"

"दिवस?" काकू खालूनच म्हणाल्या. "आमच्या लग्नात नव्हता, एवढं आठवतं."

"तू गप," मास्तर म्हणाले.

"छान शिवलाय," बाई म्हणाल्या. "माप कुणी घेतलं?"

"मीच."

"श्वास सोडून घेतलंत?"

मास्तरांनी हातातली टेप गुंडाळायला घेतली. जन्मभर गिऱ्हाइकांना 'पोट सोडा, पोट सोडा' म्हणणाऱ्या माणसाने स्वतःचं माप भीतीच्या भरात घेतलं होतं, आणि मी त्याच मापाचा होतो.

मग बाई यायला लागल्या, दुपारी, गिऱ्हाईक कमी असताना. आधी त्यांनी कंबर बघितलीच नाही. झोप कशी लागते, जेवता कधी, चिडता कुणावर, असलं विचारत बसल्या. मास्तर वैतागले. "कंबर दुखतेय आणि तुम्ही झोपेचं विचारताय. पँट आखूड करायला आलेल्याला मी विचारतो का, बायकोशी पटतं का म्हणून?"

"विचारा कधीतरी," काकू म्हणाल्या. "पटत नसेल तर पँट तरी सैल शिवा."

बाई म्हणाल्या, "मास्तर, कंबर काय एकटी दुखत नाही. अख्खा माणूस दुखतो." मग सतरंजीवर त्यांना झोपवलं, गुडघे वर घेतले आणि माझे हूक सोडले. मास्तरांनी सतरंजीची कड मुठीत धरली. बाईंनी 'घाबरू नका' म्हटलं नाही. एवढंच म्हणाल्या, "हात पोटावर ठेवा. कुठे दुखतंय तिथे जरा लक्ष द्या, पळू नका. कसं दुखतंय? सुईसारखं की इस्त्रीसारखं?"

मास्तरांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "गाठीसारखं. दोऱ्याला बसते तशी."

"गाठ ओढली की?"

"अजून आवळते."

"मग ओढू नका. श्वास घ्या, सोडा, आणि नुसते बघत राहा."

मी शेजारी जमिनीवर पडलो होतो. पहिल्यांदाच त्यांचं पोट बाहेरून बघत होतो. ते वर आलं, खाली गेलं. बारीक, घाबरत, पण गेलं.

असं रोज व्हायला लागलं. बाईंनी सांगितलं, पट्टा एकदम सोडायचा नाही, थोडा थोडा सैल करायचा. मास्तरांनी ते आपल्या पद्धतीने केलं. दुकानात बिनत्रासाचा फेरफटका झाला की ब्लेड घ्यायचे आणि माझ्या कुशीतली छत्रीची एक काडी उसवून काढायचे. माझ्या अंगात वारा शिरायला लागला.

आणि मग एक दिवस शिंक आली. साधी शिंक. मी तेव्हा बाकावर होतो. मास्तरांच्या कमरेत अशी कळ गेली की ते टेबल धरून उभे राहिले, आणि पुढच्या क्षणी मी परत त्यांच्या अंगावर, शेवटच्या हुकापर्यंत आवळलेला. काढलेल्या काड्या त्यांनी त्याच दुपारी परत शिवल्या. बाई आल्या तर म्हणाले, "माझं काय व्हायचं ते मला माहितीय."

बाई म्हणाल्या, "दुखलं म्हणजे तुटलं असं नसतं, मास्तर." मास्तरांनी ऐकलं नाही. बाई निघून गेल्या.

ते दिवस सगळ्यात काळे. आधी मला आशाच नव्हती, तेव्हा अंधाराचं काही वाटत नव्हतं. आता वारा लागून गेला होता. परत त्या घामात कोंडलो आणि वाटलं, आपण दोघे असेच संपणार.

काकू बटण लावत बसल्या होत्या. दोरा दाताने तोडला आणि वर न बघताच म्हणाल्या, "अहो, मामंजींना पाणी तुम्ही नेऊन द्यायचात ना?"

मास्तरांनी इस्त्री उभी करून ठेवली.

"मला तो तांब्या उचलायचा नाहीये. आत्ताच सांगून ठेवते. मला तुमच्याबरोबर चालत बाजारात जायचंय."

एवढंच. पुढचं बटण घेतलं.

मास्तर उभेच राहिले. मग त्यांनी माझे हूक सोडले, मला टेबलावर उताणं टाकलं आणि ब्लेड उचललं. काड्या निघाल्या, बकरम निघालं. एक टाका काही चुकला नाही. काम संपेपर्यंत अंगात जन्माच्या चार पट्ट्या तेवढ्या उरल्या आणि मी पुन्हा मऊ झालो. मग मास्तर आपणहून सतरंजी अंथरून झोपले आणि पोटावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी काकूंनी बाईंना निरोप धाडला.

दुखणं लगेच गेलं असं मी सांगणार नाही, खोटं कशाला बोलू. ते येत-जात राहिलं. पण एका दुपारी मास्तर कापडावर रेघ मारत होते, खडू निसटून खाली पडला, आणि बोलता बोलता मास्तर गुडघे वाकवून टेबलाखाली गेले. काकूंची सुई हवेतच थांबली.

खालून आवाज आला, "अगं, इथे तर खडूंचं दुकान आहे!"

दोन्ही मुठी भरून खडू घेऊन मास्तर वर आले. केसांना जळमटं. काकू हसायला लागल्या आणि मग पदराने डोळे पुसत बसल्या.

तेव्हापासून मी या खिळ्यावर आहे. ओळखीतल्या कुणाची कंबर धरली, तर मास्तर मला देतात, आणि बजावतात, "हा पाहुणा आहे. घरी ठेवून घेऊ नकोस." काम झालं की मी परत येतो. अजूनही एखाद्या वाईट दिवशी मास्तरांचा हात माझ्याकडे येतो. खिळ्यापाशी थांबतो. तेव्हा मी अगदी आक्रसून जातो. मग मास्तर दुसरा हात पोटावर ठेवतात, एक लांब श्वास सोडतात आणि टेबलाकडे वळतात.

तो बघा, वकिलाचा कोट हरला. आता मास्तर टेप घेऊन तुमच्याकडे येतील. तुमच्या घरी कुणाच्या कमरेला, मानेला, गुडघ्याला माझा एखादा भाऊबंद अडकला असेल, तर त्यांना विचारा, डॉक्टरांनी हा कधी काढायला सांगितला होता? आणि माझ्यासाठी आज एवढं करा, मित्रांनो. टेप अंगाला लागली की तुम्ही आपसूक ताठ व्हाल, पोट आत ओढाल. तसं करू नका. सोडा ते पोट.