ओझेलाच्या पायऱ्या

"यादीत नाही म्हणजे? ओझेलाचं घर यादीतच नाही?" व्हर्डेलने हातातली बादली दाणकन खाली ठेवली.

चर्चचे कारभारी डीकन टिल्मन टोपी हातात घेऊन उभे होते. गिलगाल चर्चने पाच वर्षांत यादी करून या गल्लीतली अकरा ओसाड घरं घेऊन पुन्हा नांदती केली होती. ज्या कोपऱ्यावरून माणसं खाली मान घालून जायची, तिथे चर्चच्या बायकांनी भाजीचे वाफे केले होते. राहिलं होतं ते व्हर्डेलच्या शेजारचं ओझेलाचं घर. त्याची मागची भिंत पोट काढून उभी होती, आणि आज त्यावर महापालिकेने पाडकामाचा कागद चिकटवला होता.

"यादी मीच केली, सिस्टर. तेव्हा मी इथे नवा होतो," डीकन म्हणाले. "घराघरात कुठे शिरणार? पायऱ्या बघत गेलो. मळलेल्या असल्या की घर रिकामं. बाल्टिमोरात जो तो दारच्या पायऱ्या घासून पांढऱ्या ठेवतो, दुसरी खूण ती काय? हिच्या पायऱ्या दुधासारख्या पांढऱ्या, खिडकीला धुतलेले पडदे. म्हटलं, कुणीतरी राहतंय."

नऊ वर्षं दर शनिवारी स्वतःच्या तीन संगमरवरी पायऱ्या झाल्या की व्हर्डेल ओझेलाच्याही घासायची. घर ओसाड दिसलं तर चोर नळ-तारासुद्धा उपटून नेतात, म्हणून पडदेही तिनेच लावले होते. ओझेला अटलांटाला लेकीकडे होती. जाताना म्हणाली होती, "घर नीट झालं की येईन बघ. मरायचं ते माझ्याच खोलीत." आपल्या मैत्रिणीसाठी वशिला कसला लावायचा, चर्चकडून त्या घराची पाळी येईलच, म्हणून व्हर्डेल कुणाला काही बोलली नव्हती.

"म्हणजे मीच घालवलं की हो तिचं घर!"

"चूक माझी आहे, सिस्टर. आता कागद लागला, थांबवता यायचं नाही."

"असू दे! तेवढ्याने माझी सुटते का?"

संध्याकाळी तिने फोन लावला आणि काही न लपवता सगळं सांगून टाकलं.

"लहानपणापासून मेली तू अशीच," ओझेला म्हणाली. "तुझ्या पायऱ्या बघून माझी आई मला बोलायची." ती हसली, आणि हसता हसताच रडायला लागली. "आता मी यायचं कुठे गं?"

"माझ्याकडे ये की."

"तुझ्याकडे मी पाहुणी. पाहुणीने का कुणाच्या घरी जाऊन मरायचं?"

व्हर्डेललाही रडू आवरेना.

गुरुवारी घर पाडलं. डीकनांनी हातापाया पडून पायऱ्या तेवढ्या ठेवायला लावल्या. त्या तीन पायऱ्या चढून गेलं की पुढे नुसती माती होती.

शनिवारी व्हर्डेलने आपल्या पायऱ्या घासल्या आणि सवयीने शेजारी वळली. ओझेलाच्या पायऱ्यांवर विटांची लाल धूळ जाड बसली होती. तिने गुडघे टेकले, घासायचा दगड ओला केला, आणि हात तसाच धरून ठेवला. इथे कुणी राहत नाही, हे आता लांबूनही कळत होतं. नऊ वर्षांपूर्वीच ते कळायला हवं होतं.

ती आपल्या घराच्या भिंतीला धरून उठली. बादलीतलं स्वच्छ पाणी तिने गटारात ओतलं आणि घरात गेली.