आता छत लांब दिसतं

मी घोडा बोलतोय. गवत खाणारा नव्हे. रंगारी ज्यावर चढून भिंती रंगवतात, तो लाकडी घोडा. दोन शिड्या वर बिजागरीने जोडलेल्या, खाली फाकू नयेत म्हणून मध्ये दोरी. घाई नसेल तर थोडं ऐका. मला भराभर बोलता येत नाही.

माझ्या धन्याचं लग्न ठरलं, तेव्हा त्याने मला सुताराकडून करून घेतलं. सुतार त्याचा दोस्त. मला उभा करून तो म्हणाला, "दणकट केलाय. बायको चिडली तर वर जाऊन बस." धनी बसायचाही. दुपारचा डबा तो माझ्यावर बसूनच खायचा.

पुष्कळ घरं पाहिली. माणसं एरवी वर्षानुवर्षं आपल्या छताकडे बघत नाहीत. पण रंगारी आला की खाली उभं राहून बोट दाखवतात, "तिथे राहिलं बघा." धनी म्हणायचा, "राहिलं नाही, वाळतंय." आणि गुपचूप तिथे हात फिरवायचा.

त्याची एक खुबी होती. भिंतीचा एक पट्टा झाला की तो खाली उतरायचा नाही. माझ्या दोन्ही बाजूंना पाय टाकायचा आणि कंबर हलवून मला तसाच पुढे चालवायचा. टक, टक, टक. घरातली पोरं जेवण सोडून बघायला यायची.

अलीकडे मात्र मला एक गोष्ट कळत होती, जी त्याच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हती. पूर्वी तो एका पायरीवर एकच पाय टाकायचा. आता दोन्ही टेकवायचा, थांबायचा, मग पुढची पायरी. उजवा गुडघा थरथरायचा. सांगणार कुणाला? त्याचं चढणं सुटलं, तर माझं सरपण होणार. चढत राहिला, तर एखाद्या दिवशी माझ्यावरूनच पडणार. माझा एकही सांधा स्वस्थ नसायचा.

अशात त्याला साठ वर्षं पूर्ण झाली. घरात केक आला, पाहुणे आले. मी अंगणात भिंतीला टेकून सगळं ऐकत होतो.

मुलगाही बापाबरोबर रंगकामच करतो. तो म्हणाला, "बाबा, उद्यापासून तुम्ही खाली. घोड्यावर मी."

"का? काल एकोणसाठ होती तेव्हा चढलोच की."

"साठी बुद्धी नाठी म्हणतात ते उगाच नाही," धन्याची बायको म्हणाली.

"नाठायला आधी असावी लागते. असती तर इतकी वर्षं लोकांच्या छताखाली मान मोडून घेतली असती?"

सगळे हसले. तो हसला नाही. उठून माझ्याकडे आला. दोरी सोडली, पुन्हा बांधली. पहिल्या पायरीवर पाय ठेवला, काढला. आतून हाक आली, "अहो, पाहुणे बसलेत." आलो म्हणून गेला आणि पुन्हा माझ्याकडेच आला. संध्याकाळभर हेच.

दुसऱ्या दिवशी एका दवाखान्यात काम होतं. मुलगा पाठमोरा बसून रंग कालवत होता. तेवढ्यात धनी चढला, आणि मला चालवू लागला. पहिली टक झाली. दुसरीला त्याच्या उजव्या पायाने जोरच दिला नाही. माझे दोन पाय उचलले गेले. लाकडाला ओरडता येत नाही. मी नुसता करकरलो.

मुलाने वळून मला मिठीच मारली. रंगाचा डबा खाली आला तो त्याच्या डोक्यावर. पण धनी वरच राहिला.

मग वरून आवाज आला, "केस पांढरे झाले रे तुझे. माझ्याआधी."

मुलगा हसला नाही. डोळे पुसत म्हणाला, "उतरा, बाबा. मी धरलाय."

तो उतरला. पालथ्या बादलीवर बसून गुडघा चोळत राहिला. शेवटी म्हणाला, "सुताराला बोलव. याचे पाय कापू."

"कशाला? नवा घेऊ की."

"नवा घे. उंच घे, तुझ्यासाठी. मला हाच, पण बुटका."

करवत लागली तेव्हा दुखलं. खोटं कशाला बोलू? धन्याने मला स्वतः धरलं होतं. त्याचा तळवा ओला होता. सुतार म्हणाला, "जरा हलू नको. घोडा गप्प आहे, तूच हलतोयस."

आता भिंतीचा वरचा भाग मुलगा रंगवतो, खालचा बाप. दोघांचे हात जिथे मिळतात, तिथे सांधा दिसू नये म्हणून धनी फार जपतो. अजून कुणाला दिसलेला नाही.

तुमच्या घरी आम्ही आलो, तर त्याला 'जमेल ना आजोबा?' असं विचारू नका. हाताला येईल तेवढी भिंत तो चांगली रंगवतो. रंग वाळेपर्यंत मात्र त्याला बसायला खुर्ची द्या. मागणार नाही तो.

आणि काम करता करता तो मध्येच वर बघत राहिला, तर बघू द्या. छताकडे माझंही लक्ष जातं. आम्ही एकमेकांना सांगत नाही.