प्रतिमा लाहन यांचं शेवटचं पान

पुस्तक बिंगोच्या टेबलावर असं आदळलं, की चौघांच्या कार्डांवरच्या लाल चकत्या उडून जमिनीवर विखुरल्या.

"हा शेवट माझा नाही! हे मी लिहिलेलं नाही!"

डे-केअर सेंटरच्या हॉलमधले तीस-चाळीस म्हातारे एकदम वळून पाहू लागले. ओरडणारी बाई महिनाभरापासून सेंटरला येत होती. काठाला लाल वेलबुट्टी असलेलं पांढरं वस्त्र नेसायची, खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची आणि कुणाशी बोलायची नाही. सगळे तिला बंगाली समजत. सेंटर सांभाळणारी विनीता धावत आली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून बाकीच्यांना म्हणाली, "इट्स ओके, इट्स ओके. आंटी आज जरा कन्फ्यूज्ड आहेत. चला, पुढचा नंबर घेऊ या."

"मी कन्फ्यूज्ड नाही," बाई हिंदीत म्हणाल्या. "मी चिडले आहे. दोन्हींत फरक असतो."

पुस्तक घसरत राजाराम थोरातच्या पायाशी आलं होतं. त्याने ते उचललं. मुखपृष्ठावर धुकं, चहाचा मळा आणि पाठमोरी बाई. वर इंग्रजीत नाव होतं, प्रतिमा लाहन. राजारामने ते दोनदा वाचलं. हे नाव त्याने सत्तावीस वर्षांपूर्वी वाचलं होतं, दुसऱ्या लिपीत.

राजाराम तेल कंपनीत पंप मेकॅनिक होता. मूळचा सांगोल्याचा, पण नोकरीची चोवीस वर्षं आसामात नाझिऱ्याला गेली. तेलविहीर खोदताना चिखल खेळवणारे अजस्र पंप दुरुस्त करायचं त्याचं काम. आसामी भाषा तो रिगवरच्या लोकांकडून शिकला. आधी शिव्या, मग गाणी. लिपी शिकवली त्याच्या कामावरच्या जोडीदाराने, गोगोईने, आणि शिकवायला क्रमिक पुस्तक न आणता घरातली एक कादंबरी आणली, नाझिऱ्याच्याच बाईने लिहिलेली. रोज जेवणाच्या सुट्टीत एक पान. अकरा महिन्यांनी ती कादंबरी संपली तेव्हा राजारामला आसामी वाचता येत होतं. आयुष्यात त्याने पूर्ण वाचलेली ती एकच कादंबरी.

बायको गेल्यावर मुलाने त्याला अमेरिकेत वेस्ट विंडसरला आणलं. इथे चार वर्षांत त्याच्या तोंडून आसामीचा एक शब्द निघाला नव्हता. आता निघाला.

"बाइदेउ," तो म्हणाला. थोरल्या बहिणीला आणि मास्तरणीला तिकडे असंच म्हणतात. "तुम्ही नाझिऱ्याच्या ना?"

बाईंनी मान इतकी झटक्यात वळवली, की विनीता दचकून मागे सरली.

*

पुढचे चार दिवस बिंगोकडे दोघांनीही पाहिलं नाही.

प्रतिमा लाहन यांनी एकतीस वर्षं पोस्टात नोकरी केली. राजाराम ज्या खिडकीतून अंतर्देशीय पत्रं घ्यायचा, तिच्यामागे त्याच बसायच्या, आणि तो तिकडे त्यांची कादंबरी वाचत होता. हे कळल्यावर दोघंही खूप हसले. त्यांचे चार कवितासंग्रह आणि तीन कादंबऱ्या. पहिली कविता एकोणिसाव्या वर्षी, गुवाहाटीच्या एका मासिकात. तारेच्या कोऱ्या फॉर्मांच्या पाठीवर त्या लिहीत, कारण टपाल यायच्या आधी अर्धा तास मिळे आणि वही काढली की पोस्टमास्तर नाक खुपसे. मोठा पुरस्कार कधी मिळाला नाही. जिल्ह्याच्या साहित्य सभेने एकदा सत्कार केला. अध्यक्षांनी भाषणात 'आमच्या लाहन मास्तरांच्या सुविद्य पत्नी' असा उल्लेख केला आणि कवितेचं नाव चुकीचं घेतलं.

"चिडलात?"

"घरी आले आणि तीच कविता पुन्हा लिहिली. अध्यक्षाला घालून."

राजारामने वाचलेली ती दुसरी कादंबरी. एका बाईच्या भावाला जीपमधून आलेली माणसं घेऊन जातात. कुठली माणसं, ते शेवटपर्यंत कळत नाही. भाऊ रात्री कुठे लपून झोपतो हे तिघांनाच ठाऊक असतं, बाईला, मावशीला आणि नवऱ्याला. नवरा शाळामास्तर, गावात मानाचा माणूस. भाऊ परत येत नाही. बाई नवऱ्याच्या घरात राहते, मूल वाढवते, स्वयंपाक करते, आणि एका शब्दाने त्याला माफ करत नाही.

"हे सगळं झालं होतं?" राजारामने विचारलं.

"भाऊ माझा होता. मास्तर माझा नवरा." बाई खिडकीबाहेरच्या पार्किंगकडे पाहत होत्या. "पुस्तक छापून आलं तेव्हा त्यांनी ते वाचलं. दोन दिवस लागले. मग कपाटात ठेवलं आणि म्हणाले, छपाई चांगली आहे."

"बस?"

"बस. खोटं असतं तर माणूस भांडला असता ना?"

इंग्रजी भाषांतर त्यांच्या मुलाने केलं होतं. प्रांजल मोठ्या कंपनीत वरच्या पदावर होता. दोन वर्षं शनिवार-रविवार खपून त्याने ते पूर्ण केलं आणि एका छोट्या प्रकाशकाकडून आईच्या शहात्तराव्या वाढदिवसाला छापून आणलं. त्यात शेवटी बाई मरणाऱ्या नवऱ्याचं डोकं मांडीवर घेते आणि म्हणते, मी तुला केव्हाच माफ केलं होतं.

"मी कधी लिहिणार नाही असं. पण प्रांजल म्हणतो, मा, तू विसरलीस. डॉक्टरलाही तेच सांगितलं. ही स्वतःच्या पुस्तकाचा शेवट विसरली. डॉक्टरने फॉर्मवर खूण केली." बाईंनी चष्मा काढून हातात घेतला. "गोळी घेतली की नाही ते मी विसरते, राजारामबाबू. कबूल. चष्मा फ्रिजमध्ये ठेवला एकदा. पण हे?"

राजारामला शेवट आठवत होता. तरीही त्याच्या मनात पाल चुकचुकली. सत्तावीस वर्षं म्हणजे थोडी नव्हेत, आणि तो काही विद्वान नव्हता. पंप असता तर उघडून खात्री केली असती.

त्या दिवशी प्रांजल आईला न्यायला आला तेव्हा राजारामने त्याला दारातच गाठलं. "मी ते पुस्तक वाचलंय. आसामीत."

प्रांजल आधी चकित झाला, मग त्याचा चेहरा बंद झाला. "अंकल, मा आजारी आहे. तुम्ही तिला असं चेतवू नका, प्लीज."

"शेवट तुम्ही बदललात की नाही, एवढंच सांगा."

"माझे वडील चाळीस वर्षं शिकवत होते. आजही लोक त्यांचा फोटो भिंतीवर लावतात. माझ्या मुलींनी आजोबांबद्दल काय वाचायचं?" त्याने आईचा कोट हातावर घेतला. "आणि तिने माफ करायला हवं होतं. मी त्या घरात वाढलोय, अंकल. तुम्ही नाही."

खरं सांगायचं तर ते शेवटचं वाक्य राजारामला क्षणभर पटलं. पण क्षणभरच. मग त्याच्या डोक्यात असा जाळ झाला, की घरी येईपर्यंत हाताच्या मुठी सुटल्या नाहीत. स्वतःचं दुःख होतं तर स्वतःचं पुस्तक लिहायचं. आईला वेडी ठरवायची काय गरज होती?

*

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला बसल्याबसल्या त्याने नाझिऱ्याला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. गोगोईला आता ऐकायला कमी यायचं म्हणून तो ओरडून बोलायचा. पुस्तक अजून होतं त्याच्याकडे, ग्रीसच्या बोटांच्या ठशांसकट. वीस मिनिटांत शेवटच्या पानाचा फोटो आला. राजारामने चष्मा पुसला, बोट ठेवून अक्षर न् अक्षर वाचलं, आणि टेबलावर थाप मारली.

"काय झालं बाबा?" हिमानी, त्याची सून, डबे भरता भरता वळली.

त्याने सगळं सांगितलं. शनिवारी लायब्ररीत त्या पुस्तकाचा कार्यक्रम आहे आणि आपल्याला तिथे जायचंय, हेही सांगितलं.

हिमानीच्या हातातला डबा तसाच राहिला. "बाबा, प्रांजल लाहन? अहो, ते माझ्या ऑफिसमध्ये सीनियर आहेत. माझं व्हिसा एक्स्टेन्शन त्यांच्याच टेबलावरून जातं. त्यांच्या फॅमिली मॅटरमध्ये आपण कशाला पडायचं?"

"तू नको पडू. मला सोड आणि हे पान तेवढं प्रिंट करून दे. मोठ्या अक्षरात."

तिने प्रिंट काढून दिलं. पण शनिवारी गाडीत बसताच रेडिओ मोठा केला.

*

लायब्ररीच्या हॉलमध्ये साठेक लोक होते. भारतीय बरेच, काही गोरी मंडळी, मागे चहा आणि समोसे. राजारामने प्रतिमाबाईंच्या हातात पान दिलं. त्यांनी ते उघडलं, एकदाच नजर फिरवली आणि घडी घालून मुठीत धरलं. त्यांची पाठ ताठ झाली.

प्रांजलने शेवटचा उतारा इंग्रजीत वाचला. छान वाचला. दोन-तीन जणींनी डोळे टिपले. लायब्ररीची बाई मग वाकून म्हणाली, लेखिकेने स्वतःच्या भाषेत काही बोलावं, आम्हाला नुसता आवाज ऐकायला आवडेल.

प्रतिमाबाई उठल्या. पान उलगडलं. एकतीस वर्षं जाळीच्या खिडकीतून नावं पुकारलेला तो आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत गेला. त्या हॉलमध्ये ते शब्द कळणारे दोघंच होते. प्रांजल पहिल्या ओळीलाच ताठरला. त्याने आईकडे पाहिलं, मग जमिनीकडे. बाईंनी सावकाश वाचलं, कुठेही न अडखळता, आणि खाली बसल्या.

"ब्यूटिफुल," लायब्ररीची बाई म्हणाली. "काय म्हणाल्या त्या?"

प्रांजलने माइक घेतला. घसा साफ केला. "शी इज थँकिंग यू ऑल. माझ्या पुस्तकाला दुसरं घर मिळालं, असं ती म्हणतेय."

टाळ्या वाजल्या.

राजाराम उभा राहिला तेव्हा त्याची खुर्ची मागे पडली. "नो!" तो ओरडला. "नो. शी डिड नॉट से दॅट."

टाळ्या तुटक होत थांबल्या. सगळे त्याच्याकडे वळले, आणि राजारामच्या लक्षात आलं की आपलं इंग्रजी इथेच संपलं. राग सगळा तसाच, आणि बोलायला भाषा नाही. प्रांजल शांतपणे म्हणाला, "अंकल, प्लीज सिट डाउन."

"बसणार नाही! ती काय म्हणाली ते मी सांगतो. मराठीत सांगतो. ज्याला कळेल त्याने पुढे सांगा." मराठी कळल्यासारखी मान डोलावणारे दहा-बारा चेहरे त्याला दिसले, पण उठलं कुणीच नाही.

मग त्याच्या शेजारची खुर्ची सरकली. हिमानी उभी राहिली होती. तिने प्रांजलकडे पाहिलं नाही. "बाबा, हळू बोला," ती म्हणाली. "एकेक वाक्य. मी इंग्लिशमध्ये सांगते."

"त्याने पाणी मागितलं."

हिमानीने सांगितलं.

"मी दिलं. त्याने विचारलं, मला माफ केलंस का?"

हिमानीने तेही सांगितलं. तिचा आवाज बारीक झाला होता, पण शब्द स्वच्छ होते.

"मी भांडं विसळून जागेवर ठेवलं आणि म्हटलं, पाणी मी कुणालाही देते."

हिमानीने शेवटचं वाक्य इंग्रजीत म्हटलं. मग स्वतःच्या मनाने एक वाक्य जोडलं, "दॅट इज द एंडिंग. शी रिमेंबर्स इट करेक्टली."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुढच्या रांगेतल्या एका गोऱ्या म्हाताऱ्या बाईने हातातलं पुस्तक उघडून शेवटचं पान काढलं, तिथे बराच वेळ पाहिलं, आणि उठून प्रतिमाबाईंच्या समोर धरलं. बाईंनी पर्समधून पेन काढलं. छापलेल्या ओळींवर एक सरळ रेघ मारली, मग दुसरी, मग तिसरी, आणि खाली आसामीत स्वतःचं वाक्य लिहिलं. आणखी पाच-सहा जण पुस्तक घेऊन रांगेत उभे राहिले. बाकीचे समोशांकडे गेले.

*

यातून फार काही उलथापालथ झाली नाही. पुस्तक अजून त्याच शेवटासकट ऑनलाइन मिळतं. प्रांजलने हिमानीला ऑफिसात त्रास दिला नाही, तिचा कागदही अडवला नाही. फक्त गुड मॉर्निंग म्हणणं बंद केलं. प्रतिमाबाई सेंटरला पुन्हा आल्या नाहीत. थंडी सुरू व्हायच्या आत त्या नाझिऱ्याला परत गेल्या, भावाच्या मुलीकडे. डॉक्टरच्या फॉर्मवरची खूण कुणी खोडली की नाही, ते राजारामला कळलं नाही.

राजारामला सारखं आठवतं ते त्या शनिवारचं पार्किंग.

हिमानीने गाडी सुरू केली होती, पण समोरच्या रांगेत प्रांजलची गाडी होती म्हणून ती थांबली. प्रांजल आईला पुढच्या सीटवर बसवत होता. वाकून त्याने तिच्या अंगावरून पट्टा घेतला, खांद्यावरची पदरासारखी चादर अडकू नये म्हणून हलकेच बाजूला केली, पट्टा लावला. बाईंनी दोन्ही हात वर धरून त्याला लावू दिला. मग तो वळसा घालून आला, स्टीअरिंगमागे बसला, आणि गाडी सुरूच केली नाही. कपाळ स्टीअरिंगवर टेकवलं. त्याची पाठ हलत होती. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, पण काचेतून बारा वर्षांचा वाटत होता.

"रडताहेत ते," हिमानी हळूच म्हणाली.

राजाराम बघत राहिला. आता बाइदेउंचा हात उठेल आणि त्या पाठीवर जाईल, असं त्याला वाटत होतं. त्याला तसं व्हायला हवंही होतं, आणि नकोही.

हात मांडीवरच राहिला. बाई समोर पाहत होत्या.

थोड्या वेळाने त्यांनी पर्समधून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि मुलापुढे धरली.