पदरावरचा पोपट

मित्रांनो, मी एक जुने महेश्वरी लुगडे आहे. इंदूरच्या मल्हारगंजात, एका पत्र्याच्या ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांशेजारी माझा मुक्काम असतो. वास असह्य आहे, पण तक्रार करायला मला तोंड कुठे आहे? तोंड असते तर त्या दिवशी चित्रपटगृहातच ओरडले असते.

नर्मदेकाठच्या मागावर मी विणले गेले. रंग अंजिरी, काठावर पाण्याच्या लाटा. होळकरांच्या फौजेतल्या हवालदार मालोजींनी मला त्यांच्या नव्या नवरीसाठी, द्वारकाबाईंसाठी घेतले. पुढे एकदा खिळ्याला अडकून माझा पदर फाटला. तेव्हा त्यांच्या लहानग्या मंजिरीने भोकावर पांढऱ्या दोऱ्याने पोपट भरला. पोपट कसला, चोच सोडली तर बदकच! द्वारकाबाई पोट धरधरून हसल्या, पण तो त्यांनी कधी उसवू दिला नाही.

आमच्या आळीत चांगले लुगडे एकटीचे नसे. कुणाचे डोहाळजेवण असो, कुणाला फोटो काढायचा असो, मला बोलावणे यायचेच. लुगडे रिकामे पाठवायचे नाही, अशी रीत होती. जाताना घडीवर दोन लाडू ठेवायचे आणि परत येताना त्यात एक हळकुंड असायचे. तो पोपट आळीतल्या पोरासोरांच्याही ओळखीचा झाला. मी तेव्हा भलतेच शेफारले होते.

मग संस्थान गेले, मध्य भारत राज्य झाले, फौज मोडली आणि मालोजी घरी बसले. मंजिरी मात्र मुंबईला जाऊन मोठी नटी झाली. तिच्या जिवावर घर उभे राहिले. ‘आमची मंजिरी’ म्हणताना सगळ्या आळीची मान ताठ होई.

एके दिवशी शामबाबू नावाचे सिनेमावाले घरी आले. एका नटीच्या जीवनावर ते चित्रपट काढत होते. द्वारकाबाईंच्या पाया पडून ते म्हणाले, “माँजी, नाव वेगळं आहे, पर तारीफ तो तुमच्या मुलीचीच आहे. घरचं एखादं लुगडं शूटिंगपुरतं मिळालं तर सीनमध्ये जान येईल.”

“अहो, त्यात काय? अपनेच घरचं समजा. चहा तो घेऊन जा, भिया!”

द्वारकाबाईंना वाटले, आळीतलीच कुणी लेक मागते आहे. त्यांनी माझी घडी घातली आणि वर दोन लाडू ठेवले. मी परत आले तेव्हा घडीत हळकुंड नव्हते. पदरावर एक तांबडा डाग होता, तो कितीही धुतला तरी गेला नाही.

चित्रपट इंदूरला लागला. बायकांच्या खास खेळाला द्वारकाबाईंनी सगळी आळी टांग्यांतून नेली आणि मोठ्या हौसेने मलाच नेसल्या. पडद्यावर हवालदाराची मुलगी नटी झाली, तेव्हा टाळ्या पडल्या. नंतर ती दारू पिऊन झोकांड्या खाऊ लागली. भेटायला आलेल्या आईला तिने धक्के मारून जिन्यावरून खाली ढकलले. मित्रांनो, तेव्हा तिच्या अंगावर मी होते. पेला माझ्यावरच सांडला होता. आणि माझ्या पदरावरचा पोपट पडद्यावर हातभर मोठा दिसत होता.

मंजिरीने असले कधी काही केले नव्हते. सगळे खोटे होते, खरे फक्त मी होते. माझ्यामुळे ते सगळेच खरे वाटू लागले. एकेक मान वळून द्वारकाबाईंच्या खांद्याकडे पाहू लागली. शेजारची मंगला हळूच म्हणाली, “मतलब, खरंच आहे तर!” द्वारकाबाईंनी पोपट कमरेला खोचून लपवला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

त्या दिवसापासून मी ट्रंकेच्या तळाशी गेले आणि द्वारकाबाईंनी आळीत जाणे सोडले.

चैत्रगौरीला मंजिरी आली. तिनेही चित्रपट पाहिला होता. मला बाहेर काढून तिने डागावर बोट फिरवले.

“आई, चोरलं ना गं त्यांनी?”

हो म्हटले असते तर सुटका होती. द्वारकाबाई खाली बघत म्हणाल्या, “नाही गं. मीच दिलं. वर लाडू ठेवून दिलं.”

मंजिरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. मग तिने मलाच नेसायला घेतले.

“ते नको, बाई. बाटलं ते!” द्वारकाबाई कळवळल्या.

“बाटलं तर त्यांचं तोंड बाटलं. आपलं लुगडं कशाला बाटेल?”

तिने सगळ्या आळीला हळदीकुंकवाला बोलावले आणि पदर पुढे घेऊन, पोपट अन् डाग दोन्ही दिसतील अशी, ती दारातच उभी राहिली. मंगलाच्या हातावर कैरीची डाळ ठेवत तिने शांतपणे विचारले, “सिनेमा कसा वाटला, काकू?”

मंगलाची मान वर झाली नाही. त्या दिवशी कुणालाच डाळ गोड लागली नसेल.

मित्रांनो, कुणाच्या आयुष्याचा खेळ पाहायला बसाल, तेव्हा टाळी वाजवण्याआधी ते लुगडे कुणाच्या घरून आणले आहे, एवढे तरी विचारा. द्वारकाबाई आजही मला उन्हात घालतात, पण डाग आत दुमडून. आणि मीही मुकाट्याने दुमडून घेते.