डावीकडचं बाळसं

दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये ममता आणि तिची सासू तानूबाई, दोघीच राहत. फौजी नवरा यशराज लेहला तैनात. ममताला नुकतंच तेविसावं लागलेलं. डाव्या छातीत लिंबाएवढी गाठ हाताला लागली, तेव्हा शेजारीण म्हणाली, "इस उमर में होता है." ममतानं लगेच विश्वास ठेवला. तोच सोयीचा होता. दोन महिन्यांत लिंबाचं मोसंबं झालं आणि ती घरातही ओढणी लपेटून वावरू लागली.

तानूबाईची नजर घारीची. चपात्या लाटणाऱ्या सुनेकडं बघत ती म्हणाली, "एकाच अंगानं बाळसं धरलंस व्हय गं? जेवतीस तर दोन्ही गालांनी!"

ममताला हसायचं होतं, पण रडू फुटलं. सगळं ऐकून तानूबाईनं गॅस बंद केला. "लाजंपायी जीव घालवशील, खुळे. उद्या दवाखाना."

लष्करी रुग्णालयातल्या सर्जन मेजर सुरुची निघाल्या पुण्याच्या. "तुमच्या वयात बहुतेक गाठी साध्याच असतात," त्या म्हणाल्या, "पण ही फार भराभर वाढलीय." सोनोग्राफी झाली, जाड सुईनं गाठीचा तुकडा काढून तपासायला गेला. निदान आलं : फायलॉइड्स. क्वचित होणारी गाठ.

"कॅन्सर?" ममतानं विचारलं.

"बहुतेक वेळा नसतो. तुमची साधीही नाही आणि कॅन्सरचीही नाही, मधली वाटतेय. पूर्ण काढून तपासली की नक्की कळेल. मात्र भोवतीच्या चांगल्या भागाची कड घेऊनच काढावी लागते, नाहीतर परत उगवते."

"हराळीगत," तानूबाई म्हणाली. "मग घ्या उकरून. पर डॉक्टरीणबाई, पोरीला थोडं रान ठेवा."

"आई!" ममता लालेलाल झाली. मेजरबाई मान खाली घालून हसत होत्या.

यशराजला सांगायचं नाही, असं ममतानं बजावलं होतं. तानूबाईनं त्याच संध्याकाळी फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "रजा टाकतो."

तो पोचला ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. गाठ निघाली, मधलीच होती, पण कडा चारी बाजूंनी स्वच्छ. केमोची गरज नव्हती, फक्त दर सहा महिन्यांनी तपासणी.

घरी आल्यावर ममता आरशाकडं पाठ करून कपडे बदलायची. यशराजच्या ते लक्षात आलं होतं. टाके निघेपर्यंत स्वयंपाक त्याच्याकडं होता. भाकरी थापता थापता एकदाचा त्यानं धीर केला.

"बघू का गं? जखम?"

ती तव्याकडं बोट दाखवत म्हणाली, "आधी ती बघा. करपली."

त्यानं दचकून उघड्या हातानं भाकरी उचलली आणि बोटं झटकत नाचू लागला. ममता हसता हसता कळवळली. "हसवू नका हो, टाके दुखतायत!" म्हणत तिनं त्याचा हात धरून नळाखाली नेला, आणि पाणी बंद केल्यावरही सोडला नाही.