कढीचं भगोणं आणि आबांचा अंगठा

मी पितळेचं भगोणं बोलतंय. आवाज जरा मोठा वाटत असेल तर सांभाळून घ्या. पन्नास वर्षं मी तोंड मिटून काढली आणि आता कुठे मला बोलायचं काम मिळालंय, त्यामुळे सुटलंय जरा.

माझा जन्म जळगावच्या एका तांबटाच्या हातोड्याखाली झाला. त्याने मला इतकं ठोकलं, की अजून माझ्या अंगावर त्या टिकल्या मोजता येतील. मग बोदवडच्या एका गृहस्थांनी मला लेकीच्या आंदणासाठी विकत घेतलं आणि गळ्याजवळ नाव कोरून घेतलं : ‘चि. सौ. कां. लताबाई’. अशा रीतीने मी नवरीबरोबर असोद्याला लोटनआबांच्या घरी आलं. तेव्हा ते आबा नव्हते, मिशीही धड फुटली नव्हती.

माझं पोट आतून पांढरंशुभ्र असायचं. दर दिवाळीच्या आधी एरंडोलहून भिकनभाऊ कल्हईवाले यायचे. अंगणात खड्डा करायचे, भाता लावायचे, मला तापवून नवसागर टाकायचे आणि कथील फिरवायचे. धुराने सगळी आळी खोकायची, पण मी चांदीचं होऊन बाहेर पडायचं. पितळेला आंबट सोसत नाही, अन्न कळकतं, म्हणून ही कल्हई. लताबाईंना हे पाठ होतं. कल्हई जरा उडाली, की त्या माझ्यात ताक ओतत नसत.

पुढे स्टील आलं आणि भिकनभाऊंचं येणं थांबलं. मला माळ्यावर टाकलं. तिथे एक फुटकी चाळण, तीन पोती आणि एक पाल यांच्या संगतीत मी पंधरा वर्षं काढली. पाल बरी होती, पण बोलायला काही विषय नसायचा.

तीन वर्षांपूर्वी आबा पारावर बसले होते. तिथे कुणीतरी सांगितलं, की ॲल्युमिनियम वाईट, स्टीलमध्ये काही सत्त्व नाही, खरी ताकद पितळेत. पारावरची मंडळी एरवी कशावरही एकमत करत नाहीत, पण त्या दिवशी केलं. आबा तरातरा घरी आले.

“माह्यं भगोनं काढा,” ते म्हणाले. “आजपासून माही कढी त्याच्यातच.”

लताबाई म्हणाल्या, “कल्हई नही त्याले. भिकनभाऊले बोलवा पह्यले.”

आबांना कुठला धीर! दुसऱ्याच दिवशी गल्लीत एक फटफटीवरचा कल्हईवाला ओरडत आला. त्याने मला अर्ध्या तासात चकचकीत करून दिलं. धूर नाही, खोकला नाही. आबा खूश झाले आणि खरं सांगायचं तर मीही झालं.

इथेच माझं चुकलं. तो लेप अंगाला लागला तेव्हाच मला कळलं होतं, की हे कथील नव्हे. कथील हलकं बसतं. हे जड होतं, मऊ होतं, थंड होतं. पण पंधरा वर्षं धुळीत काढलेल्या भांड्याला पुन्हा चमक मिळाली, की ते फार चौकशा करत नाही. मी आपलं ओट्यावर पोट पुढे काढून बसलं आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला उजेड पाडत राहिलं.

आबांना फुनके-कढी, म्हणजे डाळीचे वाफवलेले मुटके आणि कढी, जीव की प्राण. संध्याकाळी सून नूतन माझ्यात चांगली आंबट कढी करायची. उरलेली रात्रभर माझ्यातच राहायची आणि सकाळी आबा ती भाकरीवर ओतून खायचे. शिळी कढी मुरते, असं त्यांचं म्हणणं. मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी, लताबाईंचे दात आंबायचे आणि नूतनला कढी आवडत नव्हती, म्हणजे मी आबांच्या एकट्याच्या वाट्याचं. रोज सकाळी माझं पोट थोडं काळवंडलेलं असे आणि त्यांची कढी थोडी गोडसर लागे. आबा म्हणत, “पाह्यलं? पितयाची चव!”

दोन वर्षं अशी गेली. मग एका सकाळी आबा उठले आणि ओरडलेच. उजव्या पायाचा अंगठा टोमॅटोसारखा लाल आणि सुजलेला. पायावरची चादरसुद्धा सहन होईना. गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, की युरिक ॲसिड वाढलंय. गोळी मिळाली आणि पथ्य मिळालं. उडदाची दाळ बंद झाली, तूर बंद झाली आणि शेजाऱ्यांनी आपल्या मनाने वांगंही बंद करून टाकलं. असोद्याच्या माणसाला भरीत बंद! आबांचा चेहरा असा पडला, की मला बघवेना.

आणि गंमत बघा, एवढ्या सगळ्यातून सुटली कोण, तर कढी. “कढी हलकी, पोटाले थंड,” म्हणून आबा आता दोन्ही वेळा माझ्यातली कढी खाऊ लागले.

अंगठा उतरायचा, महिन्याभराने परत सुजायचा. गावापासून मैलभरावर आबांचं दादरीचं, म्हणजे रब्बी ज्वारीचं, शेत. चाळीस वर्षं रोज सकाळी ते तिकडे चालत जायचे. आता जाईनात. त्यांची उजवी चप्पल ओट्यावर माझ्या शेजारीच पडून असायची. घरात लंगडताना डावी झिजत होती, उजवी तशीच. मी त्या चपलेकडे बघत राहायचं आणि मनात ओरडायचं : आबा, माझ्यात खाऊ नका! पण भांड्याचं ऐकतं कोण? नूतन मला घासायची तेव्हा मी मुद्दाम हातातून निसटून दोनदा आपटलं. तिने मला आणखी जोरात घासलं.

शेवटी नूतन आबांना जळगावला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. कामिनी त्यांचं नाव. मी घरीच होतं, पण नूतनने आल्यावर लताबाईंना सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी आधी आबांची जुनी रक्तदाबाची गोळी बदलली, तिनेही युरिक ॲसिड वाढतं म्हणून. मग विचारलं, दिवसभर काय काय खाता? आबांनी कढीचं पुराण लावलं. बाईंनी विचारलं, “कशात करता?” आबा छाती फुगवून म्हणाले, “पितयाच्या भगोन्यात! सोन्यासारखं हाये माह्यं.” बाई लिहिता लिहिता थांबल्या. म्हणाल्या, “पुढच्या वेळी पेशंटबरोबर भगोणंही आणा.”

असं मी एसटीने दवाखान्यात गेलं. नूतनच्या मांडीवर, पिशवीतून तोंड बाहेर काढून. कंडक्टरने विचारलं, “ह्याचं तिकीट?” तेव्हा आबा कितीतरी दिवसांनी हसले. दवाखान्यात बाईंनी मला उजेडात धरलं, पोटात बोट फिरवलं आणि ते बोट पांढऱ्या कागदावर पुसलं. कागदावर करडा पट्टा उमटला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मला शिशाचा संशय येतोय,” बाई म्हणाल्या. “शिसं आंबटात उतरतं आणि चव गोडसर करतं. ते मूत्रपिंडावर ताण आणतं, मग युरिक ॲसिड अंगात साचू शकतं. उतारवयात जास्तच. पण सगळा दोष भांड्यावर नको, वय आहे, गोळ्या आहेत, खाणं आहे. रक्तातलं शिसं तपासू. आणि कल्हई ओळखणाऱ्या कुणाला तरी हे दाखवा.”

रिपोर्ट आला. शिसं जास्तच निघालं. निरोप धाडल्यावर त्याच आठवड्यात एरंडोलहून भिकनभाऊ आले. पाठ वाकलेली, पण हात तोच. त्यांनी खिशातून कथलाची कांडी काढली आणि आबांच्या कानाजवळ वाकवली. करकर आवाज आला.

“आयका आबा,” ते म्हणाले, “खरं कथील वाकाडं का असं करकरस.” मग मला नखाने खरवडलं आणि तोंड वाकडं केलं. “हाई कथील नही शे. हाई ते निस्तं शिसं शे. कोनी करी दिधी?”

आबा म्हणाले, “मीच करून घेतली. लताबाई म्हने, भिकनभाऊले बोलवा. मी ऐकलं नही.”

नूतन म्हणाली, हे मोडीत देऊन टाकू. बिचारी, तिचं काय चुकलं? सगळ्यांची नजर लताबाईंकडे गेली. त्या माझ्या गळ्यावर कोरलेल्या नावावरून बोट फिरवत होत्या.

“माह्या बापाचं देनं हाये, मोडीत नही जानार,” त्या म्हणाल्या. “पन ह्यांच्या पायापेक्षा मोठं नही. आजपासून याच्यात अन्नाचा कन पडनार नही.”

पन्नास वर्षांत माझ्याबद्दल इतकं खरं कुणी बोललं नव्हतं. मला वाईट वाटलं नाही. हायसं वाटलं.

आबांची कढी आता स्टीलमध्ये होते. चार दिवस त्यांनी नाक मुरडलं, पाचव्या दिवशी विसरले. गोळी चालू आहे, पाणी भरपूर पितात, दर तीन महिन्यांनी रक्त तपासतात. आकडे हळूहळू उतरतायत. वांग्याचं नाव डॉक्टरीणबाईंनी स्वतः पथ्यातून खोडलं, तेव्हा आबांनी त्यांना हात जोडले.

आणि मी? मी आता दादरीच्या शेतात आहे. मचाणाच्या खांबाला पालथं टांगलेलं. कणसं भरली, की पोपटांचे थवे उतरतात आणि मग आबा काठी घेऊन मला बडवतात. ढण ढण ढण! अर्ध्या शिवारातले पोपट उठतात. ज्या पोटाने आबांना घरी बसवलं, त्याच पोटाने आता त्यांचं पीक राखायचं, हे काम मला फार आवडलंय.

तुमच्याही माळ्यावर माझं एखादं भावंड असेल. खाली काढा, जरूर वापरा, आम्हाला आनंदच आहे. पण आधी त्याच्या पोटात बघा. त्यात काय लावलंय, कुणी लावलंय, हे विचारा. चमकेला भुलू नका. मी स्वतः भुललं होतं.

बरं, थांबतं आता. बांधावरून कुणीतरी येतंय. आबाच आहेत, चालत आलेत. उजव्या पायाला चपलेपासून घोट्यापर्यंत काळी माती लागलीय. घरी गेल्यावर लताबाई ओरडणार आहेत.